पदवीधराची जोखीम आणि तिचे वाटेकरी

पदवी परीक्षांचे निकाल लागले की महाविद्यालयांतून व्याख्यानांचा एक हंगाम सुरू होतो. सभागृहाच्या दारावर फलक लागतो, प्राचार्यांचे प्रास्ताविक होते, शाल-श्रीफळ होते आणि पाहुणे म्हणून आलेले यशस्वी उद्योजक समोरच्या तरुणांना सांगतात की, नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा. टाळ्या पडतात. सभागृह रिकामे झाल्यावर त्याच तरुणांपैकी बरेच जण वाचनकक्षातील आपापल्या जागेवर परततात आणि स्पर्धा परीक्षेचे पुस्तक जिथे मिटले होते तिथे पुन्हा उघडतात. पाहुण्यांचा उपदेश त्यांना पटत नाही असे नव्हे. तो त्यांच्या हिशेबात बसत नाही, एवढेच. हा हिशेब काय आहे याचा विचार मात्र व्यासपीठावर क्वचितच होतो. अयशस्वी उद्योजकाला व्याख्यानास बोलावण्याची पद्धत आपल्याकडे नसल्यामुळे तो तिथे होण्याची शक्यताही कमीच.

मराठी तरुण धाडसी नाही, त्याला ठरावीक पगाराची आणि पंख्याखालच्या खुर्चीची ओढ आहे, हे निदान आता इतके जुने झाले आहे की, ते तपासून पाहावे असेही कोणास वाटत नाही. शिक्षक ते विद्यार्थ्यांना सांगतात, विद्यार्थी पुढे शिक्षक झाले की त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगतात. परंतु हे निदान वस्तुस्थितीला धरून आहे काय?

अर्थशास्त्रात उद्योजक या शब्दाला प्रथम निश्चित आशय दिला तो अठराव्या शतकातील रिचर्ड कँटिलॉन याने. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ साली प्रसिद्ध झाला. ज्याचा खर्च ठरलेला असतो आणि प्राप्ती अनिश्चित असते तो उद्योजक, अशी त्याची साधी कसोटी होती. माल ठराविक भावाने घेऊन पुढे मिळेल त्या भावाने विकणारा दुकानदार तिच्यात बसतो, तसाच शेतकरीही बसतो. कँटिलॉन इतका सुसंगत होता की, भिकारी आणि दरोडेखोर यांनाही त्याने याच वर्गात घातले. ही कसोटी आज पुण्याच्या नवी पेठेत वा सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणाला लावून पाहावी. खोलीचे भाडे, मेस, अभ्यासिकेतील जागेचे पैसे, शिकवणी वर्गाचे शुल्क, पुस्तके हा सारा खर्च ठरलेला असून तो दरमहा न चुकता करावा लागतो. प्राप्ती मात्र पूर्णतः अनिश्चित. कँटिलॉनच्या व्याख्येनुसार हा तरुण उद्योजकच ठरतो.

हिशेब

हा उद्योग केवढ्या भांडवलाचा आहे? महिन्याचा खर्च नऊ-दहा हजार रुपये धरला तर वर्षाचा लाख-सव्वालाख होतो. तयारीची चार वर्षे धरली (आणि चार ही काही मोठी मुदत नव्हे), तर साडेचार-पाच लाख झाले. त्यात या काळात हा तरुण जे कमावू शकला असता ते धरावयास हवे. वाणिज्य शाखेच्या पदवीधराने एखाद्या दुकानात वा कर सल्लागाराकडे महिना बारा हजारांवर काम केले असते असे समजले, तरी चार वर्षांचे पावणेसहा लाख रुपये होतात. म्हणजे एकूण दहा लाखांच्या आसपासचा हा प्रकल्प आहे. हे आकडे कोणत्याही पाहणीतून घेतलेले नाहीत. केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी ते मांडले आहेत. ज्याला ते जास्त वाटतील त्याने कमी करावेत. निष्कर्ष फारसा बदलत नाही.

आता यशाची शक्यता पाहू. २०२३ साली राज्यात तलाठ्यांच्या सुमारे साडेचार हजार जागांची भरती झाली. तिच्यासाठी दहा लाखांहून अधिक उमेदवारांनी शुल्क भरून अर्ज केले. म्हणजे दर सव्वादोनशे अर्जदारांमागे जागा एक. २०२४च्या पोलीस भरतीत साधारण साडेसतरा हजार जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर गेले. म्हणजे शंभरांत एक. तलाठी आणि शिपाई ही काही प्रशासनाची शिखरे नव्हेत. शिखरांकडे जाणारी वाट याहून अरुंद आहे.

शंभरांत एक अशा संधीवर तारुण्याची चार वर्षे आणि कुटुंबाचे काही लाख रुपये लावणाऱ्या माणसाला जोखीम घेता येत नाही, असे म्हणणे हेच खरे धाडसाचे आहे. वस्तुतः महाराष्ट्रातील पदवीधर जितकी जोखीम घेतो तितकी शहाणा व्यापारी कधी घेणार नाही. तो भित्रा आहे, हा प्रश्न नाही. त्याची जोखीम एकाच दिशेने का वाहते, हा प्रश्न आहे.

याचे पहिले कारण भांडवलाच्या स्वरूपात आहे. परीक्षेचे भांडवल हप्त्याहप्त्याने लागते. वडील सोयाबीन विकून, दुधाचे पैसे बाजूला काढून, क्वचित हातउसने घेऊन दरमहा काही हजार रुपये पाठवतात. पूर्वी मनिऑर्डर येई, आता मोबाइलवरून पैसे येतात. रीत तीच आहे. याउलट धंद्याला पहिल्या दिवशी तीन-चार लाख रुपये एकरकमी लागतात. ते घरात नसतात आणि बँकेत ज्यांच्यासाठी असतात ते लोक वेगळे असतात. चार वर्षांत पाच लाख देऊ शकणारा बाप एका सकाळी तीन लाख देऊ शकत नाही, यात त्याच्या मनोवृत्तीचा काहीच दोष नाही.

दुसरे कारण अपयशाच्या किमतीत आहे. परीक्षेत अपयश आले तर पैसा आणि वर्षे गेलेली असतात. पण बँकेची नोटीस येत नाही, जामीनदाराकडे तोंड लपवावे लागत नाही. ‘मुलगा पुण्यात परीक्षेची तयारी करतो’ हे वाक्य गावात प्रतिष्ठेने उच्चारता येते, आणि ते सात वर्षे उच्चारता येते. ‘मुलाने टाकलेले दुकान बंद पडले’ हे वाक्य एकदाच उच्चारले जाते. पण त्याचा आवाज लग्नाच्या बैठकीपर्यंत पोहोचतो. या भेदाला केवळ सामाजिक खुळचटपणा म्हणून चालणार नाही. कर्ज बुडाले म्हणजे जमिनीवर बोजा चढतो, हा खेड्यातील माणसाचा अनुभव आहे. त्याच्या भीतीला इतिहास आहे.

आणि तिसरे, यश आलेच तर त्याचे मोल. राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुन्या पद्धतीच्या निवृत्तिवेतनाची हमी राहिली नाही. तथापि सरकारी नोकरीचे आकर्षण त्यामुळे ओसरले नाही. कारण खासगी क्षेत्रात पदवीधराला सुरुवातीस मिळणारे वेतन आणि शासनातील तृतीय श्रेणीच्या कर्मचाऱ्याचे वेतन यांतील अंतर इतके मोठे आहे की, निवृत्तिवेतनाविनाही तो सौदा फायद्याचाच वाटतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दिल्लीतील मानव विकास संस्थेसह २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात एक आकडा होता. २०२२ साली भारतातील पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के, तर ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांतील प्रमाण ३.४ टक्के होते. शिक्षणाने बेकारी वाढते, असा उथळ अर्थ त्यातून अनेकांनी काढला. खरा अर्थ असा की, निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते काम करतो. पदवीधर वाट पाहू शकतो, कारण त्याच्या वाट पाहण्याचा खर्च दुसरे कोणी तरी सोसत असते. त्याची बेकारी ही बऱ्याच अंशी प्रतीक्षा आहे, आणि तिचे भांडवल कोरडवाहू शेतीतून येते.

बुडाल्यावर काय उरते?

इथवरच्या हिशेबावरून परीक्षेचा मार्ग शहाणपणाचा ठरतो असे कोणी म्हणेल. एका बाबतीत तो ठरत नाही, आणि ती बाब महत्त्वाची आहे. मोटार दुरुस्तीचे दुकान तीन वर्षांनी बंद करावे लागले, तरी हत्यारे उरतात. ती अर्ध्या किमतीला का होईना विकली जातात. कोणता माल कोठून येतो, उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, कोणत्या महिन्यात गिऱ्हाईक फिरकत नाही, हे ज्ञान उरते. त्या ज्ञानावर दुसऱ्याच्या दुकानात व्यवस्थापकाची नोकरीही मिळते. परीक्षेची तयारी चार वर्षांनी सोडली तर टिपणांच्या वह्या उरतात. राज्यघटना, भूगोल, अर्थव्यवस्था यांचे वाचन निरुपयोगी आहे असे कोणी शिक्षक म्हणणार नाही. नागरिक म्हणून तो तरुण निश्चितच समृद्ध होतो. परंतु बाजार त्या वाचनाचे पैसे देत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी तो जेव्हा कामाच्या शोधात बाहेर पडतो तेव्हा, मधल्या काळात काय केले, या मालकाच्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नसते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण अशा व्याख्यानांतून हटकून दिले जाते, आणि ते अर्धेच दिले जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली, त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे नांगरांचा कारखाना काढला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. तिचा दुसरा भाग असा : नोकरी चालू असतानाच ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बेळगावात त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकीत. म्हणजे धंद्याची पहिली चाचणी पगाराच्या आधारावर झाली. लोखंडी नांगर तयार झाले तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती; पहिले चाळीस नांगर विकावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावातील जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडलच्या माळावर जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. १९१०च्या सुमारास त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. लक्ष्मणरावांची चिकाटी असामान्य होती, यात शंका नाही. पण त्या चिकाटीमागे भावाचे दुकान होते आणि नंतर एक संस्थान उभे होते. व्यासपीठावरून चिकाटी तेवढी सांगितली जाते, संस्थान गाळले जाते.

शुम्पीटर या अर्थशास्त्रज्ञाने हीच गोष्ट तत्त्व म्हणून मांडली होती. उद्योजक जोखीम घेत नाही, जोखीम त्याला पैसा पुरवणारा घेतो, असे त्याचे १९११च्या ग्रंथातील प्रतिपादन होते. ते ऐकावयास विपरीत वाटते, परंतु त्यात तथ्य आहे. जिथे कर्ज बुडण्याचा भार सावकारावर अथवा भागधारकांवर पडतो तिथे नवे उद्योग निघतात. जिथे तो भार एकट्या तरुणावर आणि त्याच्या बापाच्या सातबाऱ्यावर पडतो तिथे लोक परीक्षा देतात.

महाराष्ट्राला हे तत्त्व नवे नाही. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी तो उभा केला तेव्हा कोणत्याही एका शेतकऱ्याला कारखानदार होण्यास सांगण्यात आले नव्हते. अनेकांच्या लहान भागांतून आणि शासनाच्या साहाय्यातून ती जोखीम वाटून घेण्यात आली. त्या चळवळीचे पुढे काय झाले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण कोरडवाहू मुलखातील माणूस उद्योगात उतरला तो जोखीम वाटली गेली तेव्हाच, ही गोष्ट विसरता येत नाही.

योजना यशस्वितांच्या

यावर शासनाच्या इतक्या योजना आहेत, त्यांचे काय, असे विचारले जाईल. योजना आहेत आणि त्यांतील काही चांगल्याही आहेत. परंतु त्यांची घडण नीट पाहिली पाहिजे.

उद्योजकता शिकवून येते, या कल्पनेचा उगम आपल्या देशात १९६४ सालच्या काकिनाड्याच्या प्रयोगापर्यंत मागे जातो. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने आंध्रातील त्या शहराच्या व्यावसायिकांना काही दिवसांचे प्रशिक्षण दिले. यशाची आकांक्षा जागवणे हा त्यातील गाभा होता. पुढील दोन वर्षांत या मंडळींनी इतरांपेक्षा अधिक उद्योगशीलता दाखवली. त्यानंतर १९७०च्या सुमारास गुजरातने नव्या उद्योजकांसाठी असे वर्ग सुरू केले. महाराष्ट्रात मिटकॉन १९८२ साली आणि उद्योजकता विकास केंद्र १९८८ साली स्थापन झाले. काकिनाड्याच्या प्रयोगातील एक गोष्ट मात्र वाटेत गळून पडली. ती माणसे आधीपासूनच धंद्यात होती. त्यांच्यापाशी दुकाने होती, पत होती, नातलगांचे जाळे होते. अभाव असलाच तर उमेदीचा होता. आपल्या महाविद्यालयांतील तरुणाची स्थिती नेमकी उलट आहे. त्याच्यापाशी उमेदीखेरीज काही नाही, आणि आपण त्याला उमेदीचेच प्रशिक्षण देतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८पासून चालू आहे. त्यात प्रवर्ग आणि ठिकाण यांनुसार प्रकल्पखर्चाच्या १५ ते ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. आकडा भरघोस आहे. पण ही रक्कम तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकून राहते आणि धंदा चालू असल्याची खात्री पटल्यावर कर्जात वळती होते. तीन वर्षे तगलेल्या माणसाला ती मिळते. पहिल्याच पावसाळ्यात ज्याची कोंबडी मेली त्याला नाही. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे. तीतही हप्ता वेळेवर भरणाऱ्यालाच व्याज परत मिळते. मुद्रा योजनेने २०१५पासून विनातारण कर्जाची सोय केली, हे महत्त्वाचे पाऊल होते. पण तिची हमी बँकेच्या रक्षणासाठी आहे. हप्ते थकले की कर्जदाराची पत बिघडते ती बिघडतेच. या सर्व योजनांमागे एकच सूत्र आहे : यशात शासन वाटेकरी आहे, अपयशात नाही. गैरवापर टाळण्यासाठी काही बंधने हवीत, हे मान्य केले तरी ज्याला खरोखर आधार हवा तोच सर्वांतून वगळला जातो, ही विसंगती उरतेच.

कायद्याची स्थितीही अशीच आहे. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी २०१६ची नादारी व दिवाळखोरी संहिता आहे. मुदती ठरलेल्या आहेत, व्यवहार मिटवून पुन्हा सुरुवात करता येते. स्वतःच्या नावावर कर्ज घेऊन पिठाची गिरणी टाकणाऱ्या तरुणासाठी मात्र अजून १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्याचा आधार घेऊन कोणी पदवीधर सन्मानाने मोकळा झाल्याचे सहसा ऐकू येत नाही.

महाविद्यालयाच्या दारात

महाविद्यालये कर्जे माफ करू शकत नाहीत, कायदेही बदलू शकत नाहीत. त्यांच्या हातात एक गोष्ट आहे. तरुणाने मोठी जोखीम घेण्यापूर्वी लहान जोखमीत हात पोळून घ्यावा, अशी व्यवस्था ती करू शकतात. ही कल्पनाही जुनीच आहे. कोठारी आयोगाने १९६६ सालच्या अहवालात कार्यानुभवावर भर दिला होता. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९०पर्यंत आणि २५ टक्के १९९५पर्यंत व्यावसायिक अभ्यासक्रमांत आणण्याचे लक्ष्य ठेवले होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही, कारण पालकांनी त्या अभ्यासक्रमांना दुय्यम मानले आणि शासनाने त्यांना यंत्रे व शिक्षक पुरवताना तसेच मानले. २०२०च्या धोरणाने हीच गोष्ट पुन्हा आणली असून राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत आता प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला श्रेयांक आहेत. श्रेयांक आले की प्रमाणपत्र येते, आणि प्रमाणपत्र ओळखीच्या दुकानदाराकडून एका दुपारी मिळवता येते. तसे होऊ द्यावयाचे की नाही, हे सर्वस्वी प्राध्यापकवर्गाच्या हाती आहे.

लातूरचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. परीक्षेतील यशाच्या ‘लातूर पॅटर्न’ने या शहराचे नाव राज्यभर झाले, आसपासच्या जिल्ह्यांतून मुले तिथे शिकवण्यांसाठी येतात. तेच लातूर तूर आणि सोयाबीनच्या बाजारपेठेचे गाव आहे आणि डाळगिरण्यांसाठीही प्रसिद्ध आहे. शिकवणीला जाणारा मुलगा रोज ज्या रस्त्याने जातो त्याच्या एका टोकाला मोंढा आहे. तुरीची डाळ होताना तूट किती येते, गिरणीची चाळण कोण दुरुस्त करतो, पोती कोठून येतात, मालातील ओलावा कसा मोजतात आणि त्यावरून भाव कसा पडतो, अडत्याचे पैसे किती दिवसांनी सुटतात, हे प्रश्न त्याला कोणी विचारलेले नसतात. यातल्या प्रत्येक प्रश्नामागे एक व्यवसाय उभा आहे : दुरुस्तीचा, वेष्टनाचा, तपासणीचा, वाहतुकीचा, हिशेबाचा. व्यवसायांची ओळख म्हणतात ती इथून सुरू व्हावयास हवी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका डाळगिरणीचा महिन्याचा जमाखर्च, मालकाच्या संमतीने, प्रत्यक्ष बसून मांडला तर बाजारभाव, सीमांत खर्च, खेळते भांडवल या संज्ञा त्याला पुन्हा पाठ कराव्या लागणार नाहीत.

उधारीचेच पाहा. नवे छोटे धंदे बुडतात ते गिऱ्हाईक नसल्यामुळे तसे गिऱ्हाईक पैसे देत नाही म्हणूनही बुडतात. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमानुसार लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात आणि न दिल्यास व्याज लागते. कायदा स्पष्ट आहे. पण ज्याच्याकडे एकच मोठे गिऱ्हाईक आहे तो त्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार कशी करणार? पाठ्यपुस्तकात हा कायदा एका परिच्छेदात येतो. मोंढ्यावरच्या आठ दिवसांत तो पुरता उमगतो.

प्रत्येकाने स्वतःचेच काही काढावे, असाही आग्रह नको. असंघटित क्षेत्रातील बिगरशेती उद्योगांच्या शासकीय पाहण्या सांगतात की, पाचांपैकी चारांहून अधिक उद्योगांत एकही पगारी कामगार नसतो. मालक आणि घरची माणसे यांच्यावरच तो चालतो. नोकरी देणारे व्हा, या घोषणेतील स्वप्न बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. (सर्वांनीच नोकऱ्या द्यावयाच्या ठरवल्या तर त्या घ्यावयाच्या कोणी, हाही प्रश्न आहेच.) दुसऱ्याच्या उद्योगात जबाबदारीची कामे करणारी माणसे तितकीच दुर्मीळ आहेत. २००२मधील कायद्याच्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपन्यांची वाट मोकळी झाली आणि २०२०मध्ये अशा दहा हजार संस्था उभारण्याची केंद्राची योजना आली. यांतील अनेकींची अडचण शेतीमालाची नसून हिशेब, विवरणपत्रे आणि बाजाराशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसाची आहे. तालुक्याच्या गावच्या वाणिज्य पदवीधराला हे काम जमण्याजोगे आहे. तो त्या कंपनीत दोन वर्षे काढील तर पुढे स्वतःचा धंदा काढण्यास पुण्यातील चार वर्षांपेक्षा अधिक योग्य होईल.

आणखी एक संस्था महाविद्यालयांच्या शेजारी असून अपरिचित आहे. कर्नाटकात धर्मस्थळाजवळील उजिरे येथे १९८२ साली धर्मस्थळचा शैक्षणिक न्यास आणि दोन बँका यांनी मिळून ग्रामीण तरुणांसाठी स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था काढली. प्रशिक्षण निवासी, विनामूल्य आणि थोड्या आठवड्यांचे. पण खरे वैशिष्ट्य पुढे होते. प्रशिक्षणानंतर सुमारे दोन वर्षे त्या तरुणाचा पाठपुरावा केला जाई : बँकेत सोबत जाणे, धंद्यावर येऊन पाहणे, अडचण विचारणे. हाच नमुना पुढे देशभर घेण्यात आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांमार्फत अशा संस्था निघाल्या. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांतही त्या आहेत. त्यांच्याकडे पाठपुराव्याची पद्धत आहे आणि महाविद्यालयांकडे तरुण आहेत. दोघांत पत्रव्यवहारही नसावा, याला कारण काही नाही. व्याख्यानाच्या पाहुण्यास जो खर्च होतो त्याहून कमी खर्चात तीस विद्यार्थी एक दिवस तिथे नेता येतील.

तरीही मुख्य प्रश्न उरतो : पहिल्या अपयशाचा खर्च कोणी द्यावयाचा? त्यासाठी पैसा नाही, असे सांगितले जाते. २०२३च्या त्याच तलाठी भरतीत खुल्या प्रवर्गासाठी अर्जाचे शुल्क १,००० रुपये आणि राखीव प्रवर्गांसाठी ९०० रुपये होते. दहा लाख अर्जांचे, सर्व जण कमी दराचे धरले तरी, ९० कोटी रुपये होतात. परीक्षा घेण्याचा खर्च त्यातून निघावयाचा असतो, हे खरे. पण आकडा डोळ्यांसमोर असू द्यावा. पदवीधराने काढलेला धंदा तीन वर्षांच्या आत प्रामाणिकपणे बुडाला, तर त्याच्या कर्जातील दोन लाखांपर्यंतचा भार एका निधीने उचलावा, अशी व्यवस्था केली तर ९० कोटींत साडेचार हजार तरुणांचे अपयश झाकले जाते. त्या भरतीतील जागाही जवळपास तितक्याच होत्या. शिवाय धंदा काढणारे सगळेच बुडत नाहीत. साडेचार हजार बुडावयाचे तर त्याहून कितीतरी अधिक जणांनी धंदा काढलेला असावा लागेल. प्रामाणिकपणे बुडाला की पैसे उडवले, हे ठरवणे अवघड जाईल, काही लबाड निधीचा फायदा घेतील, बँका अर्ज छाननीत ढिलाई करतील, या हरकती रास्त आहेत. पीकविम्यासही त्या घेतल्या गेल्या होत्या, आणि पीकविमा चालू आहे. एका जिल्ह्यात, पाचशे पदवीधरांपुरता, पाच वर्षे हा निधी चालवून पाहण्यास १० कोटींहून अधिक रक्कम लागणार नाही.